लालासाहेबाची गिअरची सायकल

लालासाहेबाच्या नावात साहेब आहे, तेवढाच. बाकी हा गडी पलूसच्या आमच्या फौंड्रीत वाळूचे साचे भरतो, आणि मिसरूड फुटल्यापासून भरतोय. मी शेजारच्या भट्टीवर. त्याच्या पोटातलं मला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती.

त्याचा भाऊ दिग्विजय त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी धाकटा. बाप लवकर गेला, म्हणून लालासाहेबानंच त्याला खांद्यावर वाढवलं, मेढ्याला मावशीकडं ठेवून आयटीआय करवलं आणि आमच्याच फौंड्रीत चिकटवलं. या धबडग्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. मेढ्यानं मात्र पोराला खूळ लावलं. तिथून पुढं केळघरचा घाट लागतो. पुण्याची पोरं गिअरच्या सायकली हाणत तो चढायची आणि हा रस्त्याकडेला उभा राहून बघायचा. "दादा, एकदा तरी त्यो घाट चढायचा," हे त्याचं पालुपद.

मग कंपनीला पर्यावरणाचं कसलंसं मानांकन हवं झालं आणि सायकल योजना निघाली. दुकानदाराला पैसे कंपनी भरणार, हप्ते आपल्या पगारातून कापणार. आम्ही हसलो. निम्मा जन्म सायकल दामटून कशीबशी मोटारसायकल दाराशी आली, आता पुन्हा मागं कशाला जायचं? आमच्या खात्यातून नाव दिलं एकट्या दिग्विजयनं. नारंगी, जाड टायरची, डोंगरात चालणारी सायकल त्यानं निवडली. ती यायच्या आतच डेंगीच्या तापात पोरगं गेलं. सायकल आली आणि खोक्यातच स्टोअरमध्ये पडून राहिली.

दहाव्याला कृष्णेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे बक्कळ होते, पण एकही शिवेना. अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय अडकलंय ते ओळखून कुणीतरी शब्द द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. चुलत्यानं दिला, "आईला अंतर देनार न्हाई." हंबीररावमामानं दिला. ऊन चढलं, माणसं चुळबुळायला लागली. शेवटी लालासाहेब पुढं झाला. "दिगू, तुजी सायकल मी घेतो. केळघरचा घाट मी चढवतो तिच्यावरनं." शब्द संपतोय तोच कावळ्यानं पिंडावर झडप घातली. मी या गोष्टी मानत नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला.

योजना त्यानं आपल्या नावावर फिरवून घेतली आणि त्या सायकलवरून कामावर यायला लागला. पंचेचाळिशी उलटलेला, सुटलेल्या पोटाचा गडी त्या नारंगी सायकलवर असा काही दिसायचा की गेटवरचा वॉचमन रोज त्याला सलाम ठोकायचा. आम्हीही चेष्टेत मागं नव्हतो. एका सकाळी मी त्याच्या मागोमाग होतो. पुढं खड्डा आला, तसा तो मान न वळवता म्हणाला, "धरून बस रं." त्या सायकलला कॅरिअर नाही. मी गाडी हळू केली आणि त्याला लांब जाऊ दिलं. त्या दिवसापासून माझी चेष्टा बंद झाली.

घरी त्याची आई शालूबाई वेगळंच सांगायची. सायकल सोप्यात भिंतीला टेकवलेली असायची. दिवेलागणीला तिचं मागचं चाक टिकटिक वाजतं, जसं दिगू लहानपणी जुन्या सायकलचं बोटानं फिरवायचा तसं. "पोरगं मधीच लटाकलंय," ती माझ्यापाशी रडायची. "आवं, तुमी तरी सांगा त्येला. सबुद दिलाय, तर पाळ म्हनावं." लालासाहेबाकडं कारणांना तोटा नव्हता. उसाला तोड आली, गुडघा धरला, घाटात धुकं असतंय. दिग्विजयचं दुसरं वर्षश्राद्ध झालं तरी घाट होता तिथंच. मला संताप आला. जिवंत माणसाला फसवावं एक वेळ, पण मेलेल्याला? सुट्टीच्या दिवशी मी एक पिकअप ठरवली, मागं सायकल घातली आणि त्याला जवळजवळ ढकलूनच मेढ्याला नेलं.

पुढं तो सायकलवर, मागून आम्ही. मला वाटलं होतं पहिल्याच चढाला बसेल. पण गडी चढत राहिला. सदरा घामानं चिंब, मान खाली, आणि ओठ सारखे हलत होते. कुणाशी तरी बोलत होता. मधेच हसलाही. दोन वर्षांत मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं. शेवटच्या वळणाला घाटाचा माथा दिसला आणि त्यानं ब्रेक दाबला.

मी खाली उतरलो. "गड्या, एवढंसं तर ऱ्हायलं."

"त्येच की," तो धापा टाकत म्हणाला. "एवढंसंच ऱ्हायलंय."

मला समजेना. त्यानं सायकल कठड्याला लावली, पण हँडल सोडलं नाही.

"वर गेलो की सबुद पुरा हुतोय. पुरा झाला की त्यो जानार. मग मी कुनासंगट बोलू?"

"आरं, आन त्यो तसाच लटकून ऱ्हानार व्हय? तुज्या आईचा तरी इचार कर."

"ऱ्हाऊ दे लटकून," तो म्हणाला, आणि रस्त्यातच खाली बसून लहान पोरासारखा रडला. मला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी वाईटही वाटलं. ड्रायव्हरनं गाडी वळवली, मी सायकल मागं चढवली.

केबिनमध्ये आम्ही तिघं. लालासाहेब आधी चढला आणि ड्रायव्हरला खेटून, अंग चोरून बसला. माझ्या नि त्याच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली. दाराचा दांडा बरगडीत रुतत होता, तरी पलूस येईपर्यंत मी तिकडं सरकलो नाही.

शालूबाई उंबऱ्यावर बसलेली होती. सकाळपासून तिनं चूल पेटवली नव्हती, हे शेजारणीनं मला मागाहून सांगितलं. गाडी थांबली तशी ती भिंत धरून उठली. आता ही त्याला फाडून खाणार, म्हणून मी मधे पडायला पुढं झालो. तिनं मला बाजूला केलं आणि अगदी बारीक आवाजात पोराला विचारलं, "माथ्यापातूर गेला न्हाईस न्हवं?"

"न्हाई, आई."

तिनं पदरानं सायकलच्या सीटवरची धूळ पुसली आणि चूल पेटवायला आत गेली.