चार डिस्कमध्ये वाटलेल्या वह्या

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतरची पहिली तीन वर्षं मी एकाच कामात घातली. अचलपूरकडच्या एका खेड्यात संत्र्याचा बगीचा असलेले एक काका होते, वय ऐंशीच्या पुढे. नोकरीत असताना झाडांचे नमुने घ्यायला मी त्यांच्या शेतात जात असे. तेव्हाच मला कळलं होतं की विहीर खोदली त्या वर्षापासून ते रोज वही लिहीत आले आहेत. विहिरीला पाणी किती हात, वारा कुठला, कितव्या ओळीतल्या कितव्या झाडाला डिंक्या रोग लागला, पाणी तोडून ताण कधी दिला, बहार कधी फुटला. मधूनच घरचं एखादं वाक्य. पाहुणे आले, पोरीला ताप आहे, असं. वर्षाला एक याप्रमाणे बेचाळीस वह्या झाल्या होत्या. मग हात थरथरायला लागला आणि त्यांनी लिहिणं सोडलं.

वह्या लाकडी कपाटात होत्या आणि कपाटाला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. मी म्हटलं, मी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवते. काका एका खेपेला दोन वह्या देत. मी एसटीनं त्या घरी आणी, खिडकीशी टेबल लावून उजेड असेतोवर पानामागून पान टिपत असे आणि पुढच्या खेपेला वह्या परत नेऊन देई. फोटो ठेवायला मी चार हार्ड डिस्क बसणारी एक पेटी घेतली होती. दुकानदारानं सांगितलं होतं की यातली एखादी डिस्क गेली तरी बाकीच्या तिघी सगळं सांभाळतात. चार डिस्क म्हणजे चार प्रती, असा अर्थ मी लावला आणि निश्चिंत झाले.

शेवटच्या दोन वह्या परत द्यायला गेले तेव्हा मी काकांना म्हणाले, आता वह्यांची काळजी करू नका, सगळं माझ्याकडे सुरक्षित आहे. हे वाक्य मी दारात उभी राहून, चपला घालता घालता बोलले. पुढच्या महिन्यात त्यांच्या सुनेनं फोनवर सहज सांगितलं की उधई भिंतीतल्या चौकटीपर्यंत पोचली होती, म्हणून कपाट वह्यांसकट शेताच्या धुऱ्यावर, बांधावर नेऊन जाळलं. बाबांनीच आग लावली. म्याडमपाशी हायेच, म्हणाले.

त्याच हिवाळ्यात पेटीवरचा एक हिरवा दिवा नारिंगी झाला. पेटी बारीक आवाजात वाजायला लागली. फोटो उघडत होते, त्यामुळे मी तो आवाज बंद करायचं बटण शोधलं आणि बंद केला. दोन महिने तो दिवा तसाच होता. मी रोज त्याच्या शेजारी चहाचा कप ठेवून काम करत होते.

शेवटी नवी डिस्क आणली आणि बिघडलेली काढायला बसले. डिस्क तीन नंबरची होती. मी उजवीकडून मोजलं, पेटी डावीकडून मोजत होती. मी चांगली डिस्क बाहेर ओढली आणि सगळं एकदम बंद पडलं. घाबरून ती परत आत ढकलली. संगणकावर एक चौकट आली, नवीन साठा तयार करायचा का, असं विचारणारी. मी हो म्हटलं. खालची ओळ वाचली तेव्हा एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत चालली होती. खाली लिहिलं होतं की जुनं सगळं पुसलं जाईल. मी भिंतीतून वायर उपटली. पण तोवर चांगली दहा मिनिटं गेली होती.

अकोल्याला एक गृहस्थ बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतात, असं माझ्या बहिणीनं सांगितलं. ती तिथंच राहते. चारही डिस्क टॉवेलात गुंडाळून पोळ्यांच्या मोठ्या डब्यात ठेवल्या आणि डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. बडनेरा सोडल्यावर प्रत्येक खड्ड्याला मी डबा उचलून धरत होते. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईनं विचारलं, डब्यात काय आहे. मी काहीतरी खोटं सांगितलं.

ते गृहस्थ पन्नाशीचे असतील. आधी टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं, एकदाही मान हलवली नाही. मग एक कागद घेतला, त्याचे आडवे तुकडे फाडले आणि ते तुकडे माझ्यासमोर चार ठिकाणी वाटून ठेवले.

"म्याडम, या चार प्रती नव्हत्या," ते म्हणाले. "एकच प्रत होती, चौघींत वाटलेली. एक जरी गेली तरी बाकीच्या तिघींवरून हिशेब करून ती काढता येते. दोन गेल्या की नाही येत. तुमची एक मेली, अन् बाकीच्यांवर तुमी नवं लिवणं सुरू केलं. ते बटन काहून दाबलं?"

मी विचारलं, किती निघेल.

"मी तुमाले खोटी आशा देत नाही. जे निघन ते काढतो."

मूळ डिस्कला हात लावण्याआधी प्रत्येकीची हुबेहूब नक्कल करायची आणि काम नकलेवर करायचं, ही त्यांची पद्धत होती. बिघडलेल्या डिस्कची नक्कल व्हायला तीन आठवडे लागले आणि तीही अर्धवटच झाली. मी दर आठवड्याला अकोल्याला जात होते. काही उपयोग नव्हता, ते फोनवरही सांगायला तयार होते. पण घरी त्या रिकाम्या पेटीसमोर बसवत नव्हतं. त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून मी पडद्यावर आकडे सरकताना बघायची. ते मधे चहा मागवायचे. आमचं बोलणं फारसं होत नसे.

अखेर सात वह्या सबंध निघाल्या. बाकीच्यांतली काही पानं अर्धी होती. वरचा भाग स्वच्छ, शाईचा निळा रंगसुद्धा जसाच्या तसा, आणि मग एका सरळ रेषेखाली नुसता करडा रंग. उरलेल्या पानांचं काहीच हाती लागलं नाही. त्यांनी सगळं दोन नव्या डिस्कवर वेगवेगळं भरून दिलं. एक घरी ठेवा, एक दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा, म्हणाले. मला निरोप द्यायला ते रस्त्यापर्यंत आले.

काकांना सांगायला मी पंधरा दिवस लावले. लॅपटॉप घेऊन गेले. ओसरीवर ते खुर्चीत बसले होते, सून उंबऱ्याशी उभी होती. मी काय झालं ते सगळं सांगितलं. उजवीकडून मोजलं तेही सांगितलं, बटणाचंही सांगितलं. त्यांना डिस्क वगैरे कळलं नसेल, पण वह्या गेल्या हे कळलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"माई बायको गेली ते साल हाये का?"

त्यांच्याकडून तारीख घेऊन मी शोधलं. ती वही सबंध नव्हती, पण त्या दिवसाचं पान सापडलं. वर तारीख होती. खाली विहिरीला पाणी नऊ हात, वारा उत्तरेचा. पुढच्या ओळीची सुरुवात होती, 'आज सकाळी', आणि मग करडा रंग. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पडद्यावर त्या करड्या जागेवर बोट फिरवलं, कागदावरची धूळ झटकावी तसं.

"इथं काय लिवलं होतं मी?"

सून म्हणाली, बाबा, तुमालेच आठवत असन. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी वही लिहायला बसल्याचं त्यांना आठवत होतं. काय लिहिलं ते आठवत नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पान माझ्या टेबलावर खिडकीच्या उजेडात पडलं होतं. मी त्यावर वाकले होते. पण मी ते वाचलं नव्हतं. फोटो हलला तर नाही ना, कोपरे आत आले ना, एवढंच पाहून मी पान उलटलं होतं. ओलिताच्या, बहाराच्या नोंदी मी निवांत वाचणार होते, काम संपल्यावर. हे मी त्यांना सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली, कारण रडायचं तर त्यांनी.

"ठेवा म्याडम," ते म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. सुनेनं चहा आणला. काकांनी बशीत ओतून घेतला, पण प्यायले नाहीत.

आता त्या सात वह्या आणि अर्धी पानं तीन डिस्कवर आहेत, तिसरी मी नंतर घेतली. माझ्या घरी दोन, अकोल्याला बहिणीच्या कपाटात एक. दर महिन्याला मी प्रत्येक डिस्क उघडून काही पानं तपासते. आता वाचते. काही पानं पाठच झाली आहेत. जे करायला हवं होतं ते सगळं आता बिनचूक करते आणि ते करताना जीव घाबरा होतो.

त्या गावाला मी पुन्हा गेले नाही. तोडणीच्या दिवसांत सून कुणाबरोबर तरी संत्री पाठवते. पोचली म्हणून मी तिला फोन करते. काका फोनवर येत नाहीत, आणि मीही त्यांना फोन दे म्हणत नाही.