न फवारलेली बाजू

बातमीदाराच्या वहीची मागची पानं पुढच्या पानांच्या आधी भरतात. पुढे असतात ती भाषणं, बंद नळ, खचलेले पूल. मागे असतं ते, ज्याला डेस्कवरचा पोरगेला उपसंपादक "सर, इसमें न्यूज क्या है?" असं विचारतो. उल्हासनगर ते वांगणी हा पट्टा मी तीस वर्षं तुडवला, अर्ध्या कचेऱ्यांशी भांडलो, आणि आता मित्र जमले की पुढच्या पानावरचं कोणी काही विचारत नाही. "ती पाल्याच्या रसाची मंडळी काय म्हणतात?" एवढंच विचारतात. एक सांगायला घ्यावं तर त्याच्या शेपटाला दुसरं बांधलेलं असतं. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

*

सुरुवात गॅसगळतीपासून झाली.

बदलापूरच्या एका सोसायटीतून फोन आला, "साहेब, गॅस सुटलाय, डोळे चुरचुरतायत." आमच्याकडे कारखाने एवढे की असा फोन आला की कुठल्या कंपनीचा, एवढंच विचारायचं असतं. रिक्षात बसल्या बसल्या मी मथळासुद्धा ठरवला. पोचलो तर सगळी सोसायटी नाकाला रुमाल लावून खाली, अग्निशमनची गाडी फाटकात, आणि सेक्रेटरी कंपन्यांच्या नावाने शंख करतोय.

जवान वासाच्या मागोमाग गेले ते दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत थांबले. तिथे रंगाच्या चार रिकाम्या बादल्या, त्यात हिरवा-काळा लगदा, आणि बाजूला लेंगा-बनियनवर उभे असलेले लिमये सर. उल्हासनगरच्या एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले.

"कडुनिंब, निर्गुडी, घाणेरी आणि लसूण," सर शांतपणे म्हणाले. "कुटून भिजत घातलंय. गाळून पिकावर फवारायचं, बुरशी रोखायला."

हातची बातमी गेल्यामुळे मी चिडलो होतो. म्हटलं, "सर, लोक घाबरून खाली उतरलेत. तुम्हाला काही वाटतं का?"

"वास नवीन होता म्हणून घाबरले," सर म्हणाले. "कंपनीच्या वासाला कधी कोणी खाली उतरलंय?"

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली, 'सदनिकेत झाडपाला कुजवण्यास सक्त मनाई आहे.' मागच्या नाल्यात रोज संध्याकाळी रंग बदलणारं पाणी सोडणाऱ्याला मात्र आजतागायत कोणी नोटीस दिलेली नाही. मी हे वाक्य बातमीत घातलं होतं. तेवढंच कापलं गेलं.

*

गॅलरी बंद झाल्यावर सरांना जागा मिळाली ती कमळमुळे. कमळ आगिवले वांगणीच्या पलीकडच्या पाड्यावरची. सोसायटीच्या फाटकाशी भाजीची पाटी घेऊन बसायची. नवरा मंगेश अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला. घरी सासू भीमाबाई. भात कापलं की कमळ रिकाम्या झालेल्या शेतात काकडी लावायची, आणि दर हिवाळ्यात त्या काकडीवर भुरी यायची. भुरी म्हणजे पानावर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी. पान सुकतं, वेल बसतो, काकडी वाकडी होते.

सरांनी तिला बाटलीभर रस दिला आणि त्यातल्या प्रत्येक पानाचं शास्त्रीय नाव सांगितलं. तिने झाकण उघडून वास घेतला.

"सर, लसूण सोलून घातलाय?"

"हो. का?"

"साली फेकल्या? त्यातच तर निम्मा जोर हाय. आणि निर्गुडी बाजारातनं आणली काय? आमच्या बांधाला फुकट उभी हाय."

सरांनी खिशातली डायरी काढली आणि लिहून घेतलं. पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं बोलणं त्यांनी असं लिहून घेतल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

वर्षभरात कमळने पाड्यावरच्या आणखी आठ बायकांचा गट जमवला. त्या आठही जणी पावसाळा संपला की बदलापुरात इमारतींच्या कामावर घमेली उचलायला जायच्या. कमळचं म्हणणं एका वाक्याचं होतं, "घमेलं सुटलं पायजे." रस गावोगाव विकता आला तर सुटणार होतं. आणि विकायचं तर सरकारी शिक्का हवा होता.

*

शिक्क्याच्या आधी बाटल्या. त्या घ्यायला आम्ही उल्हासनगरात गेलो, कमळ, सर आणि बातमीच्या वासावर मी. दुकानाचा मालक सिंधी, सत्तरीचा, मांडीवर लेबलांचा गठ्ठा. माल काय ते विचारायच्या आधीच त्याने कॉम्प्युटर उघडला.

"बोलो बेटा, एक्सपायरी कितनी डालूँ? दो साल? तीन साल?"

"सहा दिवस," कमळ म्हणाली.

त्याने चष्मा काढला. "दूध बेच रही हो क्या?"

"पाल्याचा रस हाय काका. सातव्या दिवशी नासतो."

"तो साईं, कुछ डाल दो उसमें. सब डालते हैं."

"डाललं की मग तो पाल्याचा रस राहत नाय."

म्हाताऱ्याने चष्मा पुन्हा लावून तिच्याकडे नीट पाहिलं. मग आतल्या मुलाला हाक मारून म्हणाला, "इधर आ, देख ले. चालीस साल में पहला गिराइक, जो एक्सपायरी कम करवाने आया है." आणि त्या दिवशी त्याने लेबलचे पैसे घेतले नाहीत. मी दुकानात काही काळंबेरं सापडेल म्हणून वही उघडून बसलो होतो. ती बंद केली.

*

शेतकी कचेरीतला किस्सा मात्र माझ्या तब्येतीचा. तिथेही आम्ही तिघं गेलो.

अर्जात रकाना होता, 'विषारीपणाचे स्वरूप.' कमळने लिहिलं, 'नाही.'

कारकून म्हणाला, "असं चालत नाही. बुरशीनाशक आहे ना? मग विषारीपणा लिहावा लागतो."

"पण नाहीये."

"थोडा तरी लिहा हो. रकाना मोकळा दिसला की वरून अर्ज परत येतो."

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, विष विकणाऱ्यांचे अर्ज तुम्ही चहा पाजून घेता आणि हिच्याकडे विष नाही म्हणून अर्ज परत करता? मी आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. कमळने माझी बाही ओढली.

"भाऊ, आवाज खाली. अर्ज माझा हाय."

मग तिने कारकुनाला विचारलं, "साहेब, डोळ्यात गेलं तर झोंबतं. ते चालंल?"

कारकुनाचा चेहरा उजळला. "चालेल की! मघाशीच सांगायचं."

अर्ज आत गेला. आतला अधिकारी तरुण होता, आणि मला सांगायला वाईट वाटतं, सरळही होता. भांडायला जागाच नाही. म्हणाला, "ताई, तुमच्याच शेतात चाचणी करू. अर्ध्या काकडीवर रस फवारा, अर्धी तशीच सोडा. हंगामाच्या शेवटी मी येतो. दोन बाजूंत फरक दिसला तर तुमच्या गटाचं नाव मान्यतेच्या यादीत घालतो. नाही दिसला तर नाही."

बाहेर आल्यावर कमळ फाटकाशी थांबून म्हणाली, "म्हणजे अर्धी काकडी मरू द्यायची?"

"त्याला कंट्रोल म्हणतात," सर म्हणाले. "तुलनेसाठी ठेवतात."

"ठेवतात, ते कुणाच्या शेतात?"

सरांचे सगळे प्रयोग कॉलेजच्या कुंड्यांत झाले होते.

*

त्या हिवाळ्यात शेताच्या मधोमध पाट होता. पाटाच्या अलीकडे रस, पलीकडे काही नाही. कमळने पाटाच्या कडेने चुन्याची रेघ मारली आणि घरच्यांना, आम्हालाही शपथ घातली, रेघेपलीकडे थेंब मारायचा नाही.

हंगाम सरला, अधिकारी आला. पाटावर उभा राहून त्याने दोन्हीकडे पाहिलं. अलीकडे हिरवंगार. पलीकडेही हिरवंगार. बांधापलीकडच्या दुसऱ्याच्या शेतात भुरीने पीठ सांडलं होतं, ते मी त्याला बोट करून दाखवलं.

"ते चाचणीत धरता येत नाही हो," तो म्हणाला. मग अवघडून कमळला म्हणाला, "ताई, पीक उत्तम आहे, अभिनंदन. पण न फवारताच इतकं चांगलं आलं असेल, तर मग रस कशाला हवा?" आणि कागदावर लिहिलं, 'फरक आढळला नाही.'

तो गेल्यावर कमळ चुन्याच्या रेघेवर बसली. "खरं सांगा. पलीकडे कुणी मारलं?"

मंगेश म्हणाला, "मी नाय. म्हणजे, एकदाच. नाईट करून आलो, पानावर पांढरा ठिपका दिसला. बघवेना."

भीमाबाई म्हणाल्या, "मी पंपात उरलेलं तेवढं टाकायची. उरलेलं टाकायचं तरी कुठं?"

मग सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. ज्यांनी हजारो मुलांना कंट्रोल म्हणजे काय ते शिकवलं, ते सर पाटातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "एकाच वेलावर. त्याला कळी होती."

मी तीस वर्षं लोकांना जाब विचारत आलोय. त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, "मी फक्त पंप चालतो का ते पाहिलं."

"किती वेळा पाहिलं?"

"तीन."

कमळ हसली नाही. म्हणाली, "शेत माझं, वेल माझे, आणि हात आवरला तो मी एकटीनं." त्या वर्षी आठही बायका पुन्हा घमेली उचलायला गेल्या. मी त्यांना बदलापूर स्टेशनबाहेर मुकादमाची वाट बघत उभं पाहिलं आणि रस्ता बदलला.

*

पुढच्या हिवाळ्यात कमळ परत कचेरीत गेली, एकटीच. अधिकाऱ्याने चाचणीला पुन्हा एक संधी दिली, पण शेवटची असं बजावून.

या वेळी शेताशेजारच्या खोपीत दोन निळी पिंपं आली. एकात दर सहा दिवसांनी ताजा रस, एकात पाणी, पण पाण्यातही चहाचा चोथा घालून रंग आणलेला. खोपीत लसणाचा वास असा कोंडलेला की नाकाला काही कळायला जागा नव्हती. एका बाजूला एका पिंपातलं मारायचं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यातलं. कुठल्या पिंपात काय आणि ते कुठल्या बाजूला, हे फक्त कमळला ठाऊक, आणि फवारायचीही तीच.

"मला तरी सांग," सर म्हणाले.

"तुमाला तर आधी नाय."

महिन्याभरात पाटाची पलीकडची बाजू पांढरी पडायला लागली. आधी चार पानं, मग ओळ, मग सगळं. अलीकडची बाजू पाटापर्यंत हिरवी. पलीकडे पाणी पडतंय हे सांगायला आता कोणी नको होतं. आम्ही सगळे येऊन बघायचो. कमळ रोज तिथल्याही काकड्या तोडायची, वाकड्या, बोटाएवढ्या, आणि पाटीत वेगळ्या ठेवायची.

ठरल्या दिवशी अधिकारी आला. पाटावर उभा राहिला आणि या वेळी त्याला दोनदा बघावं लागलं नाही. पेन काढलं. "ताई, फरक स्पष्ट आहे," म्हणत तो लिहू लागला. गटातल्या बायका बांधावर उभ्या होत्या. त्यातल्या एकीने दुसरीचा हात धरला.

"थांबा साहेब," भीमाबाई पुढे आल्या. डोळ्यांत पाणी. "सरकारी कागदावर खोटं नका लिवू. ह्या पांढऱ्या बाजूला मी रस मारलाय. सून बाजारात गेली की मारायची. चार-पाच वेळा मारलाय."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. त्याने कागदाकडे पाहिलं, पांढऱ्या वेलांकडे पाहिलं. "म्हणजे रस मारूनही रोग आला?"

सरांनी डोळे मिटले.

कमळने डोक्यावरचा पदर नीट केला. "आत्या, कुठल्या पिंपातला मारला?"

"दाराजवळच्या."

"आतल्यातला का नाय घेतला?"

"अगं, ते पार कोपऱ्यात, लाकडांच्या मागं. माझे गुडघे काय तिथवर जातात? वास दोन्हीला सारखाच, आणि कुणी बघंल म्हणून घाई."

"लिवा साहेब," कमळ म्हणाली. "दाराजवळ पाणी होतं."

अधिकारी खोपीत जाऊन दोन्ही पिंपांत हात घालून आला. हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मग डोळे पुसू लागला, कारण त्याने तोच हात डोळ्याला लावला होता. मंगेश हळूच म्हणाला, "मी पण दाराजवळचंच घेतलेलं." लिमये सर झाडावर कुठला पक्षी आहे ते शोधू लागले. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली, आणि पायात चपला आहेत हे वाकल्यावर लक्षात आलं.

अधिकाऱ्याने सही केली. कागद कमळच्या हातात देताना विचारलं, "ताई, पाण्याचं पिंप दाराजवळ कोणी ठेवलं होतं?"

"मीच," कमळ म्हणाली. "काय करणार साहेब, सगळी चांगली माणसं हायत."