गावासमोर वाचलेली जबानी

अमरावतीच्या एका दैनिकात सहा वर्षं काढल्यावर मी विकास गटाच्या नोकरीत गेलो. काम नवं होतं. खेड्यात उघडलेले दवाखाने, विहिरी, बालवाड्या उपयोगी पडतात की नाही, हे गावकऱ्यांनाच विचारायचं, आणि बायकांना वेगळं बसवून विचारायचं. त्यासाठी ग्रामसेवक आणि ग्रामसेविकांची पथकं तयार करायची होती. मला टिपण घेता येत होतं, म्हणून शिकवणं माझ्याकडे आलं.

पहिला वर्ग अकोल्यात, सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका शाळेत भरला. मी फळ्यावर नियम लिहिले. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. जे सांगितलं ते त्याच शब्दांत लिहायचं. शेवटी सगळं गावासमोर वाचून दाखवायचं, म्हणजे काय दुरुस्त करायचं ते गावच ठरवील.

"बायकाइले वेगळं कायले इचारायचं, साहेब?" मागच्या बाकावरचा एक ग्रामसेवक म्हणाला. "माह्या घरची तर न इचारताच बोलते."

वर्ग हसला. पुढच्या बाकावरची एक ग्रामसेविका मागे वळली. "बोलते ना? मग काल काय बोलली ते सांगा बरं, भाऊ."

तो वही चाळू लागला. आता हशा त्याच्यावर झाला. त्या बाईंना मी माझ्या पथकात घेतलं.

पावसाळा संपल्यावर आम्ही भातकुलीकडच्या एका गावात गेलो. तिथे दोन वर्षांपासून प्रसूतिगृह होतं. दोन खाटा, एक नर्स, पुढे दगडी ओटा, समोर चावडी. चावडीवरच्या पुरुषांनी सगळं उत्तम आहे असं सांगितलं. दुपारी पथकातल्या त्या ग्रामसेविकाबाई बौद्ध वस्तीत गेल्या. मी पुरुष, म्हणून वस्तीबाहेर निंबाखाली थांबलो. संध्याकाळी त्यांनी वही माझ्या हातात दिली.

वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या एका सालदाराच्या बायकोने सांगितलं होतं: "मागच्या खेपेले कळा आल्यावर मी गेली. नर्सबाईनं आत घेतलं नाही. खाट बाटते म्हने. ओट्यावरच लेकरू झालं. चावडीतले मानसं पाहून राहिले होते. रक्त थांबे ना. दाई म्हनते, आता पुढचं माह्या हातचं नाही. आता पुन्हा सातवा महिना लागला. या खेपेले मले आत घ्या, एवढंच म्हननं."

मी एक शब्द बदलला नाही. वर्गात नमुना म्हणून ठेवावं असं ते टिपण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. मी सगळी टिपणं ओळीने वाचली. त्या बाईचं टिपण संपताच सरपंच पुढे सरकला.

"हे कोनाचं बोलनं, साहेब?" सरपंचाने विचारलं.

"नाव लिहिलेलं नाही."

"नाव पाह्यजे कायले? ओट्यावर गावात एकच बाळंतीन झाली."

कोणीतरी हसलं. माना मागे वळल्या. तिचा नवरा शेवटच्या ओळीत बसला होता. तो उठला आणि निघून गेला.

नर्स सरपंचाच्या घरी राहत होती. तिच्या नवऱ्याची सालदारकी सरपंचाच्या भावाकडची होती. आठ दिवसांत ती चाकरी गेली. मी वरिष्ठांना लिहिलं. चौकशीला साहेब आले, त्यांनी नर्सची आणि सरपंचाची जबानी घेतली. बाईची घेतली नाही. कागदावर तिचं नाव नव्हतं.

नववा महिना भरला तेव्हा ती प्रसूतिगृहाकडे गेलीच नाही. नवऱ्याने कोणाची तरी गाडी मागून तिला अमरावतीच्या दवाखान्यात न्यायला काढलं. अर्ध्या वाटेत ती बाळंत झाली. गाडी शहरात पोचली तेव्हा मूल जिवंत होतं, ती नव्हती. ग्रामसेविकाबाईंनी हे मला कचेरीत सांगितलं आणि टेबलावर वही ठेवून त्या निघून गेल्या. 

अकोल्याच्या पुढच्या वर्गात मी वाचून दाखवण्याचा नियम फळ्यावर लिहिला नाही. एकाने विचारलं, "मंग गावाले कळन कसं?" मी पुढचा नियम लिहायला घेतला. 

वर्षाने त्याच गावाची फेरपाहणी लागली. नर्स तीच होती. ग्रामसेविकाबाई वस्तीत घरोघर गेल्या. प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं: सगळं चांगलं आहे. शेवटचं घर त्या सालदाराचं होतं. तिथे दार उघडं होतं, म्हणून या वेळी मीही उंबऱ्यापर्यंत गेलो. तिची म्हातारी सासू गाडीत जन्मलेल्या नातवाला मांडीवर घेऊन पाणी पाजत होती. प्रसूतिगृहाबद्दल काही सांगायचं आहे का, असं ग्रामसेविकाबाईंनी विचारलं.

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आमचं काही म्हननं नाही, बाप्पा. तसंच लिवा. अन् गावात वाचून दाखवा."