आईचा नमस्कार आणि माझी मेकॅनिकगिरी

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण गोष्ट संपल्यावर लाजेने मी तुमच्याकडे बघणार नाहीये!

तेव्हा बँकेच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला होतो. प्रताप नगरात भाड्याचं घर आणि दारात माझी म्हातारी गाडी. पगार बँकेचा खायचो, पण मनातून मी मेकॅनिक! बाबा गेले त्या वर्षी आईला साताऱ्याहून आमच्याकडे आणलं. फार गप्प झाली होती. जरा मन रमावं म्हणून रविवारी कानोत्याच्या धरणावर जायचं ठरवलं.

आईला मानानं पुढे बसवलं. बसल्या बसल्या तिने वाकून डॅशबोर्डच्या खाली हात लावला आणि कपाळाला टेकवला.

"अगं, नमस्कार वरून कर ना."

"वरून? पाया पडायचं ते खालूनच पडतात!"

मी ऐटीत किल्ली फिरवली. गाडी ढिम्म! हॉर्न वाजतोय, दिवे लागतायत, पण गाडी सुरू व्हायचं नाव नाही.

"बॅटरी उतरली," मी म्हणालो.

"अहो, नवीनच घातलीय ना?" बायको मागून म्हणाली. बायकांना नको तेवढं आठवतं.

बॉनेट उघडून मी हे हलवलं, ते पिळलं. आईला उकडायला लागलं, म्हणून तिने पुन्हा खालून नमस्कार केला आणि ती उतरली. मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू!

"बघितलंत? हात लागावा लागतो माणसाचा!"

कानोत्याहून निघताना पुन्हा तेच. आई बसली, गाडी मेली. आई उतरली, गाडी सुरू. सोमवारी मी एकटा ऑफिसला गेलो, तर गाडी कशी गुणी बाळासारखी! मेकॅनिककडे नेली. त्याने दहादा चालू-बंद करून बघितली. "साब, गाड़ी तो चकाचक है. आप ही को कुछ वहम है."

मला वहम? मी इरेला पेटलो. प्लग बदलले, तारा घासल्या, पेट्रोल पंप बदलून पाहिला. राजस्थानच्या उन्हाला तर मी रोज शिव्या घालत होतो. आणि आई मात्र हळूहळू गाडीत बसेनाशी झाली.

"तुम्ही जाऊन या. मी घर बघते."

एकदा स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझाच पायगुण बरा नाही रे. तिकडे हे गेले, इकडे तुझी गाडी रुसते. माझं साताऱ्याचं तिकीट काढ."

मी परोपरीने समजावलं. पण ती ऐकेना, शेवटी तिकीट काढलं.

स्टेशनला निघालो. आई बसली, नमस्कार झाला, गाडी ढिम्म. आई रडवेली झाली. तेवढ्यात तिची चष्म्याची डबी खाली पडली, म्हणून मी तिच्या बाजूने आत वाकलो. डॅशबोर्डच्या खाली मान घातली आणि तिथेच थिजलो.

एक काळं बटण! माझंच!

झालं होतं काय, आई येण्याआधी शेजारच्या गल्लीतून एकाची गाडी चोरीला गेली, तेव्हा मी गुपचूप चोरबटण बसवून घेतलं होतं. एकदा दाबलं की स्टार्टर बंद, पुन्हा दाबलं की चालू. चोर ड्रायव्हरच्या बाजूला शोधणार, म्हणून डोकं चालवून डावीकडे लावलं. गुपित फुटू नये म्हणून बायकोलाही सांगितलं नाही. चार दिवस वापरलं, कंटाळलो आणि साफ विसरलो.

आई बसताना नमस्कार करायची, उतरतानाही करायची. दर वेळी बटण दाबलं जायचं!

सगळं सांगितलं. आई माझ्याकडे बघतच राहिली आणि मग इतकी हसली, इतकी हसली, की पदराने डोळे पुसायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं.

"लावलंस चोरासाठी आणि पकडलंस आईला!"

तिकीट रद्द केलं. बटण काढून टाकणार होतो, तर म्हणाली, "राहू दे. मी आता वरून नमस्कार करीन."

आणि खरंच वरून करायला लागली. रविवारी जवळचं बगरू गाव काय, बाजार काय, सगळीकडे पुढे बसून यायची. गाडी एकदाही रुसली नाही.

दिवाळीनंतर मात्र आईला साताऱ्याचं घर बघून यायला हवं होतं. पुन्हा तिकीट काढलं. सामान ठेवलं, आई बसली, मी किल्ली फिरवली.

ढिम्म!

मी बॉनेट उघडलं. प्लग काढले, पुसले, बसवले. बॅटरीच्या तारा घासल्या. घामाघूम झालो. शेवटी तिकडे आगगाडी सुटली, तेव्हा बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, बटण!"

पुढच्या सीटवर आई एक हात डॅशबोर्डखाली ठेवून, तोंडाला पदर लावून बसली होती. "मी वाटच बघत होते," ती म्हणाली, "तुला कधी आठवतंय!"