आबांच्या जीपमधलं मॅटाडोरचं इंजिन

आमचे सासरे केरबा. कळंब्यात लहानथोर त्यांना आबा म्हणायचे, पण ते तोंडावर. मागं काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही. सरकारी खात्यात ते जीपवर ड्रायव्हर होते. खात्यानं जीप मोडीत काढली, तेव्हा लिलावात उभं राहून त्यांनीच ती घेतली. लग्नानंतर मला त्याच गाडीतून घरी आणलं. पाय न पुसता आत बसले म्हणून सासरची पहिली शिवी मी त्या जीपमध्ये खाल्ली.

चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो आबांच्या जीपमध्ये असायचा. आबा चालवणार आणि मागनं सगळी वस्ती चालणार. ज्या माणसाचं वर्षभर कुणाशी पटायचं नाही, त्याला त्या दिवशी सगळे वाट करून द्यायचे. त्या एका दिवसासाठी आबा बाकीचं वर्ष काढायचे, असं मला वाटतं.

शहाण्णव साली जीपचं इंजिन जाम झालं. जुनं पेट्रोलचं इंजिन, सामान कुठं मिळेना. माझ्या मालकांना, म्हणजे प्रसेनजीतना, तीच जीप गडहिंग्लजच्या रस्त्याला वडापला, म्हणजे माणसं भरून भाड्यानं न्यायला, लावायची होती. पण पेट्रोल जाळून शीटं भरणं म्हणजे उसाचा रस पाजून बैल पोसणं. हे म्हणाले, डिझेल इंजिन बसवूया.

"हुबी कुजंल, पर डिझेल न्हाय पिणार," आबा म्हणाले.

पुढं आबा पावण्यांच्यात मयतीला गेले, तेवढ्यात ह्यांनी ट्रॅक्टरला दोर बांधून जीप शाहूपुरीत ख्वाजाभाईंच्या गॅरेजला नेली. भंगारातल्या एका मॅटाडोरचं इंजिन आधीच बघून ठेवलं होतं. आबा परत आले ते थेट गॅरेजात जाऊन टायरवर बसले.

"ए ख्वाजा, मला न इचारता माझ्या जीपचं काळीज काढतोस व्हय रं?"

"काळीज न्हवं आबा, मुळव्याध काढतोय. बसा, चा घ्या."

"तुझा चा तुझ्या इंजिनात वत."

डिझेलचं इंजिन लांब आणि जड. रेडिएटर पुढं सरकवावा लागला, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पान घालावं लागलं. जुना गिअरबॉक्स त्याला जुळेना, म्हणून मधे लेथवर जाड प्लेट करून घेतली. आबा रोज जाऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, शेळीला म्हशीचं मुंडकं लावत्यात."

जीप चालली. वडाप चांगलं बसलं. आबा मात्र त्या जीपला शिवले नाहीत. जेवताना म्हणायचे, "आमटीला डिझेलचा वास येतोय."

"मग उपाशी निजा," सासूबाई म्हणायच्या.

एप्रिल आला. मंडळातली पोरं बोलायला लागली, आबा बसत नसतील तर औंदा प्रसेनजीत चालवतील. ही कुजबूज आबांच्या कानावर गेली. चौदा तारखेला सकाळी आंघोळ करून ते जीपपुढं येऊन उभे राहिले. ह्यांनी इंजिन चालू करून ठेवलं होतं.

"आबा, जरा समजून घ्या. ह्यात—"

"तू पाळण्यात हुतास तवा मी घाट चढवत हुतो. उतर खाली."

हे उतरले ते उतरलेच.

मिरवणूक विहारापुढं आली. तिथं आबांनी इंजिन बंद करायचं, सगळं शांत झालं की वंदना सुरू करायची, असा रिवाज. आबांनी चावी फिरवली. इंजिन चालूच. त्यांनी चावी बाहेर काढली, पुन्हा घातली, पुन्हा फिरवली. इंजिन आपलं धडधडतंय. पुढं सगळी वस्ती हात जोडून उभी. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

मी आणि सासूबाई मागं फोटो धरून बसलो होतो. हे जीपला लागूनच हाताची घडी घालून उभे होते.

"सांगा की त्यांस्नी," मी म्हटलं.

"इचारू देत त्यांनीच," हे म्हणाले.

आबांनी विचारलं नाही. ब्रेक दाबून गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. जीपनं हिसका दिला आणि इंजिन मेलं. आम्ही दोघी पुढं आदळलो. फोटो सोडला नाही, पण काचेला तडा गेला.

तेव्हा हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "चावीनं बंद हुत न्हाय आबा. डिझेल हाय. ती खालची दोरी वढायची असती."

"आत्ता सांगतोस?"

"सकाळी सांगत हुतो की."

आबा खाली उतरले. वंदना झाली. मीही त्रिसरण म्हटलं, पण मन काही थाऱ्यावर आलं नाही.

पुढच्या वर्षी प्रसेनजीतनी जीप चालवली. आबांना कुणी विचारलं नाही. आबा आले आणि नेमके सायलेन्सरच्या मागं चालायला लागले. काळा धूर सरळ तोंडावर. खोकून खोकून डोळे लाल झाले, मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मी फोटो सासूबाईंकडं दिला आणि जीपमधनं खाली उतरले.

"आबा, कडेनं चला की."

"सरक बाजूला. बघू दे वस्तीला, लेकानं बापाला काय दिलंय ते."

प्रसेनजीतना आरशात सगळं दिसत होतं. त्यांनी जीप जोरात घेतली नाही, आणि थांबवलीही नाही.