तेचकाका

औषधाच्या दुकानात त्यांना सगळे ‘तेचकाका’ म्हणत. नाव पडलं ते त्यांच्याच तोंडामुळे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहावं, असा नियम आला आणि गिऱ्हाइकं बिथरली. कालपर्यंत निळ्या खोक्यातून मिळायची ती गोळी आज हिरव्यात कशी? काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, “तेच आहे. आतलं औषध तेच, वरचं नाव तेवढं बदललं.” इतक्या ठामपणे म्हणत की भांडायला आलेला माणूस गपगुमान गोळ्या खिशात घालून जाई. आणि काका खोटं बोलत नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

घरीही त्यांनी तोच न्याय लावला. काकूंना डोक्याची गोळी वर्षानुवर्षं चालू होती. ती चुकली की ओळखीची माणसं त्यांना परकी वाटू लागत. तपकिरी बाटलीतली नेहमीची गोळी बाजारात यायची बंद झाली, म्हणून काकांनी चंदेरी पाकिटातली आणली. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मुकाट्याने घेतली, असं काकांना वाटलं.

एका सकाळी डबा हातात देताना काकू म्हणाल्या, “सांभाळून जा, भाऊ.”

लग्न झाल्यापासून ‘अहो’ सोडून दुसरी हाक त्यांनी मारली नव्हती. काकांनी डबा खाली ठेवून खोली धुंडाळली. त्यांनी काकूंच्या उशीच्या अभ्र्यात हात घातला, तर आत गोळ्यांचा ढीग.

मग काकांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. एका औषधाच्या बाटलीत दुसरं भरणं त्यांच्या धंद्यात पाप, परवानाच जायचा. तरी त्यांनी जुनी बाटली धुऊन पुसून नव्या गोळ्या तिच्यात भरल्या आणि दुपारी घरी येऊन काकूंपुढे ठेवली.

काकूंनी एक गोळी काढून अंगठ्याने चाचपली. जुन्या गोळीवर मधोमध रेघ असे. हिच्यावर नव्हती.

“बाटली जुनी, गोळी दुसरीच,” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर काकांच्या कॉलरवर गेली. “शर्टाचंही तसंच. तो रफू माझ्या हातचा आहे.”

“अगं, मी तोच आहे.”

हजारो लोकांना पटवलेलं वाक्य. या वेळी ते काकांना काउंटरच्या पलीकडून ऐकू आलं, आणि त्यांना ते पटलं नाही. ते घाबरले.

काकूंनी समजूतदारपणे पाण्याचा पेला पुढे केला. “बसा घटकाभर. ते दुकानातून आले की सांगते, तुम्ही येऊन गेलात म्हणून.”