लातूरचं मशीन

माझी थोरली बहीण लातूरला आणि मी नांदेडला, पण नोकरी एकाच कंपनीत. काही खाजगी दवाखान्यांसाठी फोन घेणारं कॉल सेंटर. चाकूर, मुदखेड, अर्धापूर अशा गावांतून नातेवाईक विचारायचे, डायलिसिसची वेळ कोणती, डॉक्टर आज आहेत का. दोन्ही ऑफिसांतल्या मुली उत्तरं द्यायच्या. यंत्रं सांभाळायचं काम तिकडे ताईकडे, इकडे माझ्याकडे.

मुलगी खुर्चीत बसून लॉगिन करते तेव्हा तिच्या संगणकाला सॉफ्टवेअरचा परवाना लागतो. तो देणारं यंत्र वेगळं असतं, लायसन्स सर्व्हर. ते बंद पडलं की बाकी सगळं धडधाकट असूनही कोणाला फोन घेता येत नाही. आमच्याकडे ते एकच होतं, नांदेडला. ताईनं वरिष्ठांच्या मागे लागून लातूरला दुसरं बसवून घेतलं. एकानं उत्तर दिलं नाही तर संगणक आपोआप दुसऱ्याकडे परवाना मागतील, अशी जोडणी तिनं स्वतः केली.

पहिल्याच खंडेनवमीला फजिती झाली. ही यंत्रं बंद करून, पुसून, हळदकुंकू आणि झेंडू वाहायची आमच्याकडे पद्धत. दोन्ही ऑफिसांनी एकच मुहूर्त धरला आणि आरती संपता संपता कोणालाच फोन घेता येईना. मी ताईला मोबाइलवर गाठलं.

"काय करून राहिलास?" तिनं विचारलं.

"पूजा. अन् तू?"

"मीबी तेच." आणि ती हसायला लागली. "शहाणे आपण दोघं. एवढं भांडून दुसरं मशीन आणलं, अन् दोघांना एकाच पंगतीला बसवलं."

तेव्हापासून तिनं नेम घालून दिला: नांदेडची पूजा सकाळी, लातूरची संध्याकाळी. तिच्या ऑफिसात कुरकुर झाली. "देवाला मी सांगते," ती म्हणाली.

यंदाच्या उन्हाळ्यात ताई गेली. शेवटी शेवटी दवाखान्यात मी आणि दाजी आलटून पालटून तिच्याजवळ बसायचो. ती बहुतेक झोपलेली असे. एकदा डोळे न उघडताच तिनं विचारलं, "लातूरचं चालू आहे ना रे?" मी "हाव" म्हणालो. दाजींनी वर पंख्याकडे पाहिलं.

पावसाळा सरत आला तेव्हा व्यवस्थापकांनी मला बोलावलं. लातूरचं मशीन काढून दुसऱ्या कामाला लावायचं त्यांच्या मनात होतं. "नुसतं बसून असतं हो ते. तुमच्या ताईंचं काम म्हणून इतके दिवस बोललो नाही." माणूस वाईट नव्हता. मी म्हटलं, खंडेनवमीपर्यंत थांबा. त्या सकाळी आपलं बंद करू. लातूरच्यानं सांभाळलं नाही, तर मीच जाऊन काढून आणतो.

बोलून बसलो आणि धास्तावलो. मधल्या काळात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि ताई आजारी पडल्यापासून त्या जोडणीला कोणी हात लावला नव्हता. आधी एकदा बंद करून बघता आलं असतं. माझ्यानं झालं नाही.

नवमीला मी नांदेडचं मशीन बंद केलं. पलीकडच्या खोलीतलं बोलणं चालूच राहिलं.

"चालतंय की," व्यवस्थापक म्हणाले.

पण आधीपासून बसलेल्यांचा परवाना थोडा वेळ टिकतोच. खरं कळतं ते नव्यानं बसणारीला. मी एका मुलीला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगितलं.

"आत्ता, सर? सकाळची गर्दी आहे."

"आत्ताच कर, बाई."

पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, नेहमीपेक्षा जास्तच. मी तिच्या खुर्चीची पाठ धरून उभा होतो. मग तिचं नाव हिरवं झालं आणि लगेच फोन आला. "नमस्कार. हो काका, बोला ना," ती म्हणाली, आणि मला हातानंच बाजूला सरायची खूण केली.

व्यवस्थापकांनी मशीनला कुंकू लावलं. "राहू द्या लातूरचं," ते म्हणाले. प्रसाद वाटून झाला. "आता आपलं सुरू करा की."

"करतो," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून तिथंच बसलो. मुली एकेक करून चहा पिऊन येत होत्या, लॉगिन करत होत्या, आणि प्रत्येकीला परवाना लातूरहून मिळत होता. मी जरा उशिरानंच बटण दाबलं.